सीमाभागातल्या संस्थेसाठी नवे कार्यकारिणी सदस्य: शोधण्यापासून सहीचे अधिकार देण्यापर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी हा सगळा पट्टा संस्थांचा. गल्लीत वाचनालय, गावात शिक्षण संस्था, शेजारी महिला मंडळ, पलीकडे व्यायामशाळा. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं. कडोली, येळ्ळूर, उचगावसारखी गावं स्वतःच्या बळावर साहित्य संमेलनं भरवत आली आहेत. आज मात्र यातल्या बऱ्याच संस्थांच्या बैठकीला गेलं की समोर बसलेली माणसं सीमालढ्याच्या ऐन काळात तरुण असलेली दिसतात. त्यांनी पदरमोड करून इमारती उभ्या केल्या, प्रसंगी वर्गणी मागून शिक्षकांचे पगार भागवले. पुढची पिढी शिकली आणि पुण्याला, बेंगळुरूला, गोव्याला नोकरीला गेली. मग एखाद्या सर्वसाधारण सभेत नव्यानेच कार्यवाह झालेल्याला कुणीतरी म्हणतं, "आता तरुण माणसं बघा की ओ." बघा म्हणजे नेमकं काय करा, हे कुणी सांगत नाही. ते इथे सांगायचं आहे.

सगळ्या पायऱ्यांमागे एकच गोष्ट धरून ठेवा. माणूस आधी कामात आणा, मग कार्यकारिणीत. निवडणुकीच्या आठवडाभर आधी फोन करून "तुमचं नाव घालू काय?" असं विचारून आलेला सदस्य बहुतेक वेळा यादीतच राहतो. म्हणून नव्या सदस्यांची तयारी मुदत संपायच्या निदान वर्षभर आधी सुरू झाली पाहिजे.

पहिली पायरी: कपाट उघडा

नावं सुचवण्याआधी संस्थेची घटना आणि नियमावली बाहेर काढा. बऱ्याच ठिकाणी ती कुणाच्या तरी घरी असते, कधी मूळ प्रत हरवलेली असते. तसं असेल तर निबंधक कार्यालयात अर्ज करून प्रमाणित प्रत मागवा. ती हातात आल्यावर ही उत्तरं शोधून एका पानावर लिहा: कार्यकारिणीत किती जण हवेत, मुदत किती वर्षांची, सभासद होऊन किती काळ झाल्यावर निवडणुकीला उभं राहता येतं, मध्येच जागा रिकामी झाली तर ती कोण भरतं, स्वीकृत सदस्य घेता येतो का, सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची, गणपूर्ती किती, म्हणजे सभा चालायला किमान किती जण हजर हवेत. सभासदत्वाच्या कालावधीची अट विशेष नीट वाचा. ज्याला दोन वर्षांनी कार्यकारिणीत बघायचं आहे त्याची सभासद वर्गणी कदाचित आजच भरून घ्यावी लागेल.

इथे एक सावधगिरी. मराठीत संस्था चालवण्याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी लिहिलेलं असतं. त्यात धर्मादाय आयुक्त, फेरफार अहवाल, ९० दिवसांची मुदत असं सगळं असतं. ते १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं आहे आणि महाराष्ट्रातल्या संस्थांना लागू आहे. आपल्याकडे नोंदलेली संस्था साधारणपणे १९६० च्या कर्नाटक संस्था नोंदणी कायद्याखाली येते. संस्था नोंदवायला त्यात किमान ७ माणसं लागतात. दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. सभेनंतर कार्यकारिणीची यादी आणि लेखापरीक्षण झालेला हिशेब निबंधकांकडे दाखल करावा लागतो. कोल्हापूरच्या मित्राने पाठवलेला नमुना भरून बेळगावच्या कार्यालयात नेलात तर काम अडेल.

१९५६ पूर्वी हा भाग मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुन्या संस्थेच्या कपाटात १८६० चा सोसायटी कायदा आणि मुंबईचा १९५० चा विश्वस्त कायदा या दोन्हींची प्रमाणपत्रं सापडू शकतात. तसं असेल तर दोन्ही कागद घेऊन इथल्याच, या कामाची माहिती असलेल्या वकिलाकडे एकदा जाऊन या. आज आपली संस्था नेमकी कुठे नोंदलेली समजली जाते हे स्पष्ट झाल्याशिवाय पुढची कुठलीही निवड पक्की धरू नका.

संस्था ट्रस्ट असेल तर विश्वस्तपत्रात लिहिलं असेल तसंच नवा विश्वस्त नेमता येतो, तिथे सर्वसाधारण सभा नसूही शकते. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी असेल तर सदस्याऐवजी संचालक येतो. त्याला संचालक ओळख क्रमांक लागतो, त्याची लेखी संमती घ्यावी लागते आणि नेमणुकीनंतर ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. सीमाभागातल्या बहुतेक मंडळांचा मामला सोसायटीचा, म्हणजे वर सांगितलेल्या संस्था नोंदणी कायद्याखालचा असतो, म्हणून पुढचं लिखाण तो धरूनच आहे.

दुसरी पायरी: येत्या तीन वर्षांत काय करायचं आहे?

हा प्रश्न चालू कार्यकारिणीच्या एका बैठकीत, फक्त याच विषयावर घ्या. इमारतीची डागडुजी? वाचनालयाची पुस्तकं संगणकावर नोंदवणं? शाळेला सातवीच्या पुढे वर्ग? बाहेरून देणगी आणणं? कामं ठरली की त्यांना कोणत्या हातांची गरज आहे ते आपोआप दिसतं. बांधकाम असेल तर अंदाजपत्रक वाचू शकणारा हवा. देणगी आणायची तर आयकराच्या सवलतीची, म्हणजे ज्याला आपण १२ए (संस्थेच्या उत्पन्नावरची) आणि ८०जी (देणगीदाराला मिळणारी) म्हणतो त्याची, कागदपत्रं सांभाळणारा हवा. मुलांबरोबर काम असेल तर त्यांच्या सुरक्षिततेचा विचार करणारी, शक्यतो शाळेत काम केलेली व्यक्ती हवी.

मग आज मंडळात असलेल्यांची नावं या कामांसमोर लिहा. बहुतेक ठिकाणी असं दिसतं की भाषण करू शकणारे पाच-सहा आहेत, हिशेब एकालाच कळतो आणि तोही ७५ वर्षांचा आहे. रिकामी राहिलेली जागा म्हणजे तुमच्या शोधाची यादी.

सीमाभागात या यादीत आणखी एक ओळ घालावीच लागते: कन्नड वाचता-लिहिता येणारी व्यक्ती. सरकारी कार्यालयातून येणारं पत्र, नोटीस, परिपत्रक कन्नडमध्ये असतं. ते कळलं नाही म्हणून पंधरा दिवस टेबलावर पडून राहिलं आणि उत्तराची मुदत गेली, तर नुकसान मराठी संस्थेचंच होतं. मराठी शाळा, मराठी वाचनालय टिकवायचं असेल तर कन्नड नोटीस त्याच दिवशी वाचणारा माणूस मंडळात पाहिजे, हे मी अगदी मनापासून सांगतो. मराठी माध्यमात शिकलेली आजची मुलंही शाळेत कन्नड शिकतात, त्यामुळे पंचविशी-तिशीतल्या सदस्याकडून हे काम सहज होऊ शकतं. शेजारचा एखादा कन्नड भाषिक संस्थेवर जीव लावणारा असेल तर त्यालाही जरूर घ्या. इतिवृत्त मराठीत ठेवा, आणि कार्यालयात द्यायच्या ठरावाची कन्नड किंवा इंग्रजी प्रत वेगळी तयार करा. ही पद्धत सुरुवातीलाच ठरवली की पुढे वाद होत नाही.

तिसरी पायरी: माणसं शोधायची कुठे

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक सगळ्यांनी पाहिलेली आहे. मंडळासाठी माणूस शोधायचा असेल तर मिरवणूक संपल्यावर दुसऱ्या दिवशी मंडपात जा. भाड्याच्या खुर्च्या मोजून परत पाठवणारा, वर्गणीच्या पावत्या क्रमाने लावणारा, डेकोरेशनवाल्याचं बिल तपासून मगच पैसे देणारा कोण आहे ते बघा. गणेशोत्सवात, गावच्या यात्रेत, येळ्ळूरच्या कुस्ती मैदानाच्या तयारीत, साहित्य संमेलनाच्या जेवणाच्या व्यवस्थेतही असेच लोक दिसतात. त्यांना मंचावर कुणी बोलावत नाही. तुम्ही बोलवा.

बाकीच्या जागा अशा:

सहकारी पतसंस्था आणि बँकांमधून निवृत्त झालेले लोक. आपल्या भागात पतसंस्थांचं जाळं दाट आहे. पिग्मी एजंटपासून व्यवस्थापकापर्यंत सगळ्यांना खातेवही आणि जुळवणी यांची सवय असते. खजिनदारासाठी पहिला शोध इथेच घ्या.

निवृत्त शिक्षक. अर्धी कार्यकारिणी आधीच शिक्षकांची असेल तर मात्र आणखी एक घेताना थांबून विचार करा.

उद्यमबागेतले कारखानदार आणि तिथले सुपरवायझर. दर मागवणं, कोटेशन ताडून बघणं, काम वेळेत उरकून घेणं त्यांना रोज करावं लागतं.

मराठा लाइट इन्फन्ट्रीमधून किंवा सैन्याच्या इतर विभागांतून निवृत्त झालेले जवान आणि अधिकारी. खानापूर आणि बेळगाव तालुक्यातल्या कितीतरी गावांत ते आहेत, पण संस्थांनी त्यांना ध्वजवंदनाला बोलावण्यापलीकडे क्वचितच विचारलं असेल.

स्त्रीशक्ती गटांच्या अध्यक्ष आणि सचिव. दर आठवड्याला बचत गोळा करणं, कर्जाची परतफेड लिहून ठेवणं, वीस बायकांना एका ठरावावर आणणं हे त्या वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. संस्थेच्या कार्यकारिणीत बाईला फक्त "महिला प्रतिनिधी" म्हणून एक खुर्ची देऊन मोकळं होणं मला पटत नाही. जिला हिशेब येतो तिला खजिनदार करा.

बाहेरगावी नोकरीला गेलेले माजी विद्यार्थी. त्यांना प्रत्यक्ष बैठकीला येणं जमत नाही, पण संकेतस्थळ, देणगीदारांशी पत्रव्यवहार, अर्ज लिहिणं ही कामं पुण्यात बसून होतात. ऑनलाइन हजेरी तुमच्या नियमावलीत चालते का ते आधी पाहा. चालत नसेल तर त्यांना उपसमितीत घ्या.

आता दोन गोष्टी ज्या मोकळेपणाने बोलल्या जात नाहीत. पहिली, राजकीय पदावरची माणसं. संस्थेला त्यांची मदत लागते, आणि त्यांच्यातले कितीतरी जण मनापासून मदत करतातही. पण निवडणुकीच्या काळात गाव दोन बाजूंना जातं, आणि कार्यकारिणीत एकाच बाजूची माणसं असली की दुसऱ्या बाजूची मुलं वाचनालयात यायची बंद होतात. म्हणून अशांना सल्लागार म्हणून सन्मानाने बोलवा आणि रोजच्या निर्णयाची खुर्ची काम करणाऱ्याला ठेवा. दुसरी, भावकी. एकाच घरातले तिघे मंडळात असले की बाहेरचा देणगीदार हात आखडता घेतो. शिवाय विश्वस्त, पदाधिकारी किंवा त्यांच्या नातेवाइकांना संस्थेच्या पैशातून फायदा झाला असं दिसलं तर आयकराची सवलत धोक्यात येते. रंगकाम भाच्याला, छपाई मेहुण्याला, असं होत असेल तर ते आजच थांबवा.

सरकारी नोकरीतल्या माणसाला पद देण्याआधी त्याला त्याच्या खात्याचे आचारनियम पाहून लागेल ती लेखी परवानगी घ्यायला सांगा. ते पत्र संस्थेच्या फाइलमध्ये राहू द्या.

चौथी पायरी: विचारायचं कसं

फोनवर विचारू नका. घरी जा, शक्यतो दोघं मिळून, आणि काम घेऊन जा. "आमच्या मंडळात या" असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही, आणि भिडेखातर तो हो म्हणतो. भिडेखातर मिळालेला होकार संस्थेला फार महागात पडतो. बोलणं साधारण असं व्हावं:

"बाई, वाचनालयाच्या मुलांच्या विभागाला दर महिन्याला पुस्तकं निवडायची आहेत आणि त्याचा खर्च लिहून ठेवायचा आहे. वर्षभर एवढं एक काम बघाल काय?"

"बघते की. पण तुमच्या बैठका रात्री आठला असतात म्हणं. मला ते जमायचं नाही, घरी सासूबाई आजारी आहेत."

"मग मुलांच्या विभागाची बैठक रविवारी चारला घेऊया. आणि मोठ्या बैठकीचीही वेळ बदलायचा विषय मी मांडतो."

बैठकीची वेळ हा किरकोळ मुद्दा समजू नका. दुकानं बंद झाल्यावर रात्री आठला भरणारी बैठक व्यापाऱ्यांना सोयीची असते, बायकांना आणि शेवटची बस पकडणाऱ्यांना नसते. खानापूरच्या आतल्या गावातून येणाऱ्याला परतीची बस चुकली तर रात्र स्टँडवर काढावी लागेल. निपाणीहून बेळगावला यायचं तर सुमारे पाऊणशे किलोमीटरचा प्रवास. भातलावणीच्या दिवसांत खानापूरकडे आणि ऊसतोडीच्या हंगामात चिक्कोडी-निपाणीकडे बैठक ठेवली तर शेतकरी सदस्य येणारच नाहीत. वर्षाच्या बैठकांच्या तारखा हे पाहून आधीच ठरवा आणि विचारायला जातानाच त्या तारखांचा कागद घेऊन जा.

खर्चाचंही तिथेच सांगा. कार्यकारिणीचं काम विनावेतन आहे, पण प्रवासखर्च संस्था देणार असेल तर किती आणि कसा, हे स्पष्ट करा. वर्गणी, देणगी यांची अपेक्षा असेल तर तीही लपवू नका.

आणि समोरच्याने नाही म्हटलं तर ते आदराने घ्या. "तुमच्या ओळखीत हे काम करू शकणारं कोण आहे?" एवढं विचारून उठा. चांगली माणसं बहुतेक याच प्रश्नातून सापडतात.

पाचवी पायरी: एक वर्ष उपसमितीत

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. निवडलेल्या माणसाला लगेच कार्यकारिणीत न घेता एखाद्या उपसमितीत घ्या: वाचन स्पर्धा, इमारत दुरुस्ती, शिष्यवृत्ती, वार्षिक कार्यक्रम. उपसमितीला लेखी काम द्या, खर्चाची मर्यादा द्या, तारीख द्या. कुणी न हाकता माणूस वेळेवर येतो का, मतभेद झाला की रुसतो की बोलतो, दिलेल्या पैशाची पावती आणून देतो का, हे वर्षभरात तुम्हाला कळतं. त्यालाही कळतं की या संस्थेत आपल्याला राहायचं आहे का. त्याला नाही जमलं तर कुणाचाही अपमान न होता तो बाजूला होऊ शकतो. कार्यकारिणीत आल्यावर हेच झालं असतं तर राजीनामा, चर्चा, गटबाजी, सगळं झालं असतं.

या वर्षात त्याला कार्यकारिणीच्या दोन-तीन बैठकांना निमंत्रित म्हणून बसवा. मत द्यायचा अधिकार नाही, पण ऐकायचा आणि विचारायचा आहे. बैठक संपल्यावर कार्यवाहाने त्याच्याबरोबर चहा घ्यावा आणि काय कळलं नाही ते विचारावं. नव्या माणसाचे प्रश्न बहुधा नेमक्या जागी बोट ठेवणारे असतात: "हे दुकान आपण भाड्याने दिलंय, मग भाडं कधीपासून वाढवलं नाही?" असा प्रश्न आला की जुन्या सदस्यांनी अंगावर येऊ नये, हे अध्यक्षांनी आधीच सांगून ठेवावं.

सहावी पायरी: फाइल आणि ताळेबंद

निवड व्हायच्या आधी प्रत्येक नव्या माणसाच्या हाती एक फाइल द्या. त्यात घटना आणि नियमावलीची प्रत, नोंदणी प्रमाणपत्र, गेल्या तीन वर्षांची इतिवृत्तं, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, संस्थेच्या मालमत्तेची यादी, बँक खात्यांची यादी, चालू करार आणि कोर्टात काही असेल तर त्याची माहिती. शेवटची गोष्ट दडवू नका. शेजाऱ्याशी जागेवरून चाललेला दावा नव्या सदस्याला निवडून आल्यावर कळला तर त्याचा विश्वास उडतो.

फाइल देऊन भागत नाही. एका संध्याकाळी खजिनदाराने सगळ्या नव्यांना बसवून ताळेबंद वाचून दाखवावा. उदाहरण घेऊ. समजा एका वाचनालयाच्या ताळेबंदात डाव्या बाजूला "इमारत निधी ८,००,०००" आणि "सभासद अनामत १,२०,०००" आहे. उजव्या बाजूला "मुदत ठेव ५,००,०००", "बँक शिल्लक ६०,०००", बाकी फर्निचर, कपाटं, पुस्तकं. नवा माणूस म्हणेल, संस्था श्रीमंत आहे, नऊ लाखांच्या वर निधी आहे. आता त्याला विचारा: इमारतीसाठी लोकांनी आठ लाख दिले आणि इमारतीचं काम अजून झालेलं नाही, तर ते आठ लाख आज कुठे आहेत? उजव्या बाजूला रोख आणि ठेव मिळून ५,६०,००० दिसतात. म्हणजे इमारतीचे २,४०,००० रुपये पगारात, वीजबिलात किंवा पुस्तकांत खर्च झालेले असणार. आणि अनामत ही सभासदांनी मागितली की परत करायची रक्कम आहे, तीही याच पैशातून. एवढं एकदा कळलं की नवा सदस्य पुढच्या बैठकीत "निधी शिल्लक आहे, कार्यक्रम मोठा करूया" या प्रस्तावाला डोळे झाकून हात वर करणार नाही. ही एक संध्याकाळ दहा व्याख्यानांपेक्षा उपयोगी आहे.

त्याच बैठकीत पैशाचे तीन-चार नियम सांगून टाका. पावतीशिवाय रुपया घ्यायचा नाही आणि व्हाउचरशिवाय द्यायचा नाही. २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला देणगीदाराला ८०जीची वजावट मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइन घ्यायची. परदेशातल्या नातेवाइकाने, मित्राने पैसे पाठवायचे म्हटले तर आधी थांबायचं. परदेशी नागरिकाकडून किंवा परदेशी संस्थेकडून देणगी घ्यायला परदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतच उघडावं लागतं आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर पदाधिकाऱ्यांचा आधार क्रमांक द्यावा लागतो. संस्थेत १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याप्रमाणे असायलाच हवी, आणि ती कागदावर आहे की खरोखर आहे हे नव्या सदस्याने विचारावं.

हितसंबंधाचा एक साधा कागद प्रत्येकाकडून भरून घ्या: माझा किंवा माझ्या घरच्यांचा संस्थेशी कसला व्यवहार आहे का? असेल तर त्या विषयावरच्या चर्चेत तो सदस्य उठून बाहेर जाईल आणि इतिवृत्तात तशी नोंद होईल. जुन्या सदस्यांनीही हा कागद भरला पाहिजे, नाहीतर नव्यांवर संशय घेतल्यासारखं होतं.

सातवी पायरी: सभा, ठराव, कागद

निवड सर्वसाधारण सभेतच करा, नोटीस नियमावलीतल्या दिवसांप्रमाणेच द्या. पोस्टाच्या पावत्या किंवा सह्यांचं रजिस्टर जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली नोटीस सोबत असू दे, पण तिच्यावरच विसंबू नका. हजेरीवर सह्या, गणपूर्ती झाल्याची नोंद, सूचक आणि अनुमोदकाची नावं, निवडून आलेल्यांची पूर्ण नावं, मुदत कधीपर्यंत, हे इतिवृत्तात स्पष्ट यावं. जे सोडून जात आहेत त्यांचा लेखी राजीनामा किंवा मुदत संपल्याची नोंद असावी. ती नसली की वर्षा-दोन वर्षांनी "मी अजून सदस्य आहे" असा दावा उभा राहतो, दोन मंडळं दोन याद्या घेऊन निबंधकांकडे जातात, चौकशी लागते आणि प्रकरण फार चिघळलं तर सरकारला संस्थेवर प्रशासक नेमता येतो. चांगल्या चाललेल्या संस्था या एका कागदापायी वर्षानुवर्षं कुलपात राहतात.

सभेनंतर लगेच नवी यादी आणि हिशेब निबंधक कार्यालयात मुदतीत दाखल करा आणि पोचपावती घ्या. मग बँक. सह्यांचे अधिकार बदलायला बँक ठरावाची प्रत, नव्या पदाधिकाऱ्यांचं पॅन, आधार, फोटो मागते. ठरावात खात्याचा क्रमांक आणि "कोणत्याही दोघांच्या सह्या" की "खजिनदार आणि आणखी एक" हे नेमकं लिहा. दर्पण पोर्टलवर (नीती आयोगाचं स्वयंसेवी संस्थांच्या नोंदीचं संकेतस्थळ), आयकराच्या पोर्टलवर, परदेशी योगदानाची नोंदणी असेल तर तिथेही पदाधिकाऱ्यांची माहिती बदलायची असते. संस्थेचा ईमेल आणि ओटीपी येणारा मोबाइल क्रमांक अजून माजी कार्यवाहाच्या नावावर असेल तर तो याच आठवड्यात बदला. बहुतेक संस्थांचं ऑनलाइन काम इथेच अडकतं.

पहिले सहा महिने

प्रत्येक नव्या सदस्याला एक जुना सदस्य जोडून द्या. जुन्याने बँकेत, शिक्षण खात्यात, महानगरपालिकेत त्याला बरोबर न्यावं, "हे आमचे नवे कार्यवाह" म्हणून ओळख करून द्यावी. चाळीस वर्षं संस्था सांभाळलेल्यांना किल्ली सोडणं जड जातं, आणि त्यांचं मन दुखावता कामा नये. त्यांच्यासाठी खरं काम काढा: संस्थेचा इतिहास लिहून काढणं, जुन्या देणगीदारांची नावं-पत्ते सांगणं, जुनी छायाचित्रं ओळखणं. ही माहिती दुसऱ्या कुणाकडेच नाही, आणि ती कागदावर उतरायला हवी. मात्र चेकबुक आणि कपाटाची किल्ली नव्या पदाधिकाऱ्याकडेच असली पाहिजे, यात तडजोड नको.

तीन महिन्यांनी अध्यक्षांनी प्रत्येक नव्या सदस्याशी स्वतंत्र बोलावं. काम जास्त होतंय का, बैठकीत बोलू दिलं जातं का, काय शिकायचं राहिलंय. सलग तीन बैठकांना न आलेल्याबद्दल नियमावलीत जे लिहिलं असेल ते जुन्या आणि नव्या सगळ्यांना सारखं लावा. आणि सहाव्या महिन्यात पुन्हा दुसऱ्या पायरीचा कागद काढून त्यावरच्या रिकाम्या ओळी बघा. पुढच्या मुदतीसाठी कुणाला उपसमितीत घ्यायचं ते त्याच बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहून टाका.